एक पौंड जास्त, की गेला अख्खा भत्ता

डोकं फिरायची वेळ आलीय खरंच! ब्रिटनमधला हा केअरर्स अलाउन्स, म्हणजे आजारी-अपंग माणसाची काळजी घेणाऱ्याला मिळणारा सरकारी भत्ता, 2025-26 मध्ये आठवड्याला 83 पौंड 30 पेन्स होता, त्यासाठी आठवड्याला 35 तास सेवा करायची आणि नोकरीची कमाई टॅक्स-बिक्स वजा करून ठरलेल्या मर्यादेच्या, 2025-26 मध्ये 196 पौंडांच्या, वर जाऊ द्यायची नाही. 197 झाले तर? एक पौंड कापतील? छे, त्या आठवड्याचा सगळाच गुल!! मॅनेजर "शनिवारी येतेस का" म्हणाला की मी नवऱ्याच्या गोळ्या डब्यात भरता भरता कॅल्क्युलेटर उघडते. पगारवाढ झाली तर पेढे वाटू की रडू? आणि चुकून जास्त पैसे आले तर महिनोन्महिने सगळे चिडीचूप, मग एकदम वसुलीचं पत्र. अहो भत्ता देणारे सरकारी साहेब, पगाराचे आकडे टॅक्सवाल्यांकडून मिळतात ना तुम्हाला, मग इतके दिवस काय झोपा काढत होता?