ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात टिकत नाही

तुम्ही परीक्षण लिहिलेल्या नारळ, अननस आणि पांढऱ्या फुलांच्या वासाच्या परफ्यूमला लेखात ‘भारतीय उन्हाळ्याचा सोबती’ म्हटलंय. मला ते अजिबात पटलं नाही. सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं सुंदर आहेत, अननसाचा आंबटगोडपणा खरा वाटतो. पण आमच्या ग्वाल्हेरच्या लश्कर भागात मे महिन्यात दुपारी घराबाहेर पडलं, की फळं उडून जातात आणि मागे नुसता गोड, दुधाळ नारळ उरतो. पारा ४५ च्या आसपास, वर लू. त्यात तो वास वितळलेल्या पेढ्यासारखा अंगाला चिकटतो.

कारण साधं आहे. अननसासारख्या फळांच्या वासातले रेणू हलके, ते लगेच उडतात; लिंबूवर्गीय फळांतलं लिमोनीनही १० कार्बनचंच, तसंच उडणारं. नारळाचा वास देणारं गॅमा-नोनालॅक्टोन त्या मानाने बराच वेळ रेंगाळतं. समुद्रकाठच्या दमट हवेसाठी बांधलेला सुगंध आमच्या कोरड्या झळांत असा एकांगी होणारच, आणि एवढी किंमत मोजणाऱ्याला हे आधी कळायला हवं.

आमच्याकडे उन्हाळा म्हणजे वाळा. माठात वाळ्याची जुडी, कूलरला वाळ्याच्या ताट्या आणि मनगटावर वाळ्याच्या अत्तराचा एक थेंब. (कन्नौजचं मिट्टी अत्तरही तितकंच प्रिय, भाजलेल्या मातीचा वास त्यात परंपरेने चंदनतेलात उतरवतात.) वाळ्यातले सुगंधी रेणू बहुतेक १५ कार्बनचे, जड. म्हणून तो संध्याकाळपर्यंत तसाच हिरवा, मातकट राहतो.

पुढच्या वेळी परफ्यूम वातानुकूलित खोलीत न तपासता भर दुपारी रस्त्यावर तपासा आणि चार तासांनी काय उरलं तेही लिहा, ही मनापासून विनंती.