खुलासा: दारू ‘उतरवण्याचे’ उपाय सांगणारा मेसेज चुकीचा आहे

कॉलेजच्या आणि हॉस्टेलच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: मित्राला दारू जास्त झाली तर काळी कॉफी पाजा, थंड पाण्याखाली उभं करा, मग झोपू द्या, सकाळपर्यंत उतरते. यातल्या पहिल्या दोन उपायांनी दारू उतरत नाही आणि तिसऱ्याने जीव जाऊ शकतो.

रक्तातली दारू यकृत स्वतःच्या गतीनेच मोडतं, तासाला साधारण ३० मिलीचा एक पेग. कॉफीने ती गती वाढत नाही. थंड पाण्याने शरीराचं आधीच घसरलेलं तापमान आणखी खाली जातं. आणि झोपल्यावरही पोटातली दारू रक्तात उतरतच राहते. उताण्या पडलेल्याला उलटी झाली की ती श्वासनलिकेत जाऊन तो गुदमरतो.

‘बिअरच तर होती’ असंही म्हणतात. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली म्हणजे व्हिस्कीचे जवळपास चार छोटे पेग!

हलवूनही जाग येत नसेल, श्वास अडखळत किंवा फार सावकाश चालत असेल, ओठ निळसर, अंग गार पडलं असेल, तर लगेच १०८ ला फोन करा. तोवर त्याला कुशीवर वळवा, जवळ बसून राहा. घशात बोटं घालून उलटी काढू नका. काय आणि किती प्यायलाय ते डॉक्टरांना खरं सांगा. रेक्टरला कळेल, घरी कळेल ही भीती मला समजते. तरी फोन आधी करा.