पार्टनर, रिटर्न भरलं का?

अभिनंदन! तुम्ही आता उद्योजक आहात. डिलिव्हरीच्या अ‍ॅपवर फोटो, लायसन्स आणि पॅन चढवलं, टी-शर्ट आणि पेटीचे पैसे पहिल्याच पेआउटमधून कापले गेले, की तुमचा स्वतंत्र व्यवसाय सुरू. वारज्यात भर पावसात, लिफ्ट बंद असताना चौथ्या मजल्यावर बिर्याणी पोचवणाऱ्याला कामगार म्हणतात असं तुम्हाला वाटत असेल, तर प्राप्तिकराचं पोर्टल उघडण्याआधी तो गैरसमज दूर करा. बाकीचं मी सांगतो, फुकट.

आयटीआर-1 च्या वाटेला जाऊ नका. ते पगारदारांचं. त्यांना फॉर्म 16 मिळतो, नव्या करप्रणालीत 75,000 रुपयांची सरसकट वजावट मिळते. तुम्हाला फॉर्म 16ए, म्हणजे कंपनीने कर कापल्याचा दाखला मिळतो, तोही मिळाला तर, आणि वजावट मिळत नाही. तुम्ही मालक ना!

व्यवसायाचा कोड निवडताना यादी नीट वाचा. संपेपर्यंत लॉगआउट झालेला असाल.

आता कमाई. 1961 च्या प्राप्तिकर कायद्याचं कलम 44एडी म्हणतं की जमेच्या 8 टक्के, आणि पैसे बँकेतून आले असतील तर 6 टक्के, एवढा किमान नफा दाखवा, हिशेबाच्या वह्या ठेवू नका. हा नियम खरंच आपल्या सोयीचा आहे, म्हणूनच कोणी सांगत नाही. पेट्रोल, सर्व्हिसिंग, पंक्चर, रिचार्ज, सगळं उरलेल्या 94 टक्क्यांत आलं. पंपावरच्या पावत्या जपायला नकोत. तशाही त्या महिन्याभरात कोऱ्या होतात. वर्षाला 3,20,000 मिळाले तर नफा 19,200. महिन्याला 1,600 रुपये. कर शून्य. मग हाच आयटीआर घेऊन बाइकच्या कर्जासाठी बँकेत जा आणि महिन्याला 1,600 कमावणाऱ्याकडे साहेब कसे बघतात ते अनुभवा. पर्याय आहे, जास्त नफा दाखवायचा. कायद्याची हरकत नाही. किती दाखवायचा ते कर्ज केवढं हवंय त्यावर ठरवा. अर्थशास्त्र म्हणतात ते हेच असावं.

सीओडीची, म्हणजे दारात रोख घेण्याची गंमत विसरू नका. ग्राहकाने रोख दिली, ती तुमच्या खिशात राहिली, कंपनीने तेवढी पेआउटमधून वळती केली. म्हणजे कंपनीच्या कागदावर तुम्हाला मिळाले जास्त, पासबुकात आले कमी. वळती झालेली रक्कम बँकेतून आली म्हणायची की रोख? 6 टक्के की 8? रिटर्न भरून देणाऱ्या सायबर कॅफेवाल्याला विचारा. तो म्हणेल, ‘टाका काहीतरी, पाचशे झाले.’

मुदतीची घाई नको. 2025 साली ती 31 जुलै होती, मग 15 सप्टेंबर झाली, आणि 15 च्या रात्री आणखी एक दिवस वाढली. ज्यांनी संध्याकाळच्या गर्दीच्या ऑर्डरी सोडून पोर्टलचं चक्र फिरताना पाहिलं, त्यांना संयम नाही, दुसरं काय.

भरल्यावर 30 दिवसांत ई-व्हेरिफाय करा. ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर येईल, म्हणजे त्या हरवलेल्या सिमवर.

राज्य सरकारही आहेच. व्यवसाय कर, 1975 चा कायदा, रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायला आणलेला. नोकरदाराचा पगारातून जातो. स्वतःचं काम करणाऱ्याने पीटीईसी, म्हणजे या कराचा नोंदणी नंबर काढून वर्षाला 2,500 रुपये स्वतः भरायचे असतात. कायद्याच्या परिशिष्टात वकील आहेत, डॉक्टर आहेत. पाठीवर पेटी घेतलेला माणूस कुठल्या नोंदीत बसतो ते तीन सल्लागारांना विचारा आणि तीन उत्तरं घेऊन या. वरच्या 19,200 वर 2,500 म्हणजे 13 टक्के. एवढ्या दराने कर भरणारे मोठे लोक असतात हो!

आता टीडीएस, म्हणजे पैसे हातात येण्याआधीच कापलेला कर. शांतपणे सांगायचा प्रयत्न करतो.

कंपनीने त्याच 1961 च्या कायद्याच्या कलम 194सी खाली 1 टक्का कापला. वरच्या हिशेबात 3,200 रुपये. कर शून्य असल्याने ते सगळे परत मिळायला हवेत. आपण रिटर्न भरतो ते त्यासाठीच. कापलेला पैसा पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत सरकारात भरायचा, दर तिमाहीला 26क्यू विवरण द्यायचं, त्यात ज्याचे कापले त्याचा पॅन लिहायचा. मग तो आकडा तुमच्या 26एएसमध्ये, म्हणजे तुमच्या नावावर जमा झालेल्या कराच्या तक्त्यात उमटतो. मी 26एएस उघडलं. पहिल्या दोन तिमाह्या होत्या. पुढच्या दोन नव्हत्या. दिवाळीचा सीझन, थर्टी फर्स्टची रात्र, सगळं गायब.

अ‍ॅपच्या मदत विभागात जा. ग्राहक फोन उचलत नाही, हॉटेल बंद आहे, पत्ता चुकीचा आहे, अपघात झाला आहे, एवढेच पर्याय. टीडीएस नाही. ‘इतर’ दाबा. बॉट म्हणतो, ऑर्डर आयडी द्या. कुठल्या ऑर्डरचा? ऑक्टोबर ते मार्चमधल्या सगळ्यांचा? ईमेल करा. ‘प्रिय पार्टनर, आपली तक्रार सोडवण्यात आली आहे’, आणि खाली तारे द्यायची विनंती. टीएलला, म्हणजे टीम लीडरला फोन करा, तो दुसऱ्या झोनला गेलाय. हबवर जा, सिक्युरिटीवाला आत सोडत नाही. पार्टनर! भागीदाराला गेटवर थांबवणारा धंदा मी तरी दुसरा पाहिला नाही. आणि आपण पंधरा मिनिटं उशीर केला, एका ग्राहकाने कोल्ड्रिंक सांडलं म्हणून फोटो टाकला, तर आयडी किती वेळात ब्लॉक होतो? तेव्हा बॉट नसतो. तेव्हा टीएलचा नंबरही चालू असतो.

कॅफेवाल्याने मला कलम 205 दाखवलं. कर कापलेला असेल तर सरकार तो पुन्हा तुमच्याकडून मागू शकत नाही. अरे, मागतंय कोण? मी माझे परत मागतोय! 26एएसमध्ये नोंद नाही म्हटल्यावर तिकडचा संगणक क्रेडिट देत नाही, आणि रिफंडच्या जागी शून्य येतो.

शेवटी ओळखीच्या ओळखीतून अकाउंट्समधला एकजण फोनवर आला. म्हणाला, विवरणात तुमच्या पॅनमधलं एक अक्षर चुकलंय, होतं असं, बल्कमध्ये असतं ना.

बल्कमध्ये काय असतं? आम्ही बल्कमध्ये आहोत? एका फ्लॅटचं पार्सल शेजारच्या फ्लॅटला दिलं तर पूर्ण बिल माझ्याकडून वसूल करता, आणि माझे पैसे दुसऱ्याच पॅनवर टाकून ‘होतं असं’ म्हणता? लाज वाटायला हवी. तो पैसा तुमचा नव्हता. तो कापायचा अधिकार कायद्याने दिला तो नीट पोचवायच्या अटीवर दिला. पोचवणं हाच तुमचा धंदा आहे ना?

दुरुस्तीचं विवरण भरता येतं, हे तुमच्या माणसाला माहीत आहे, त्यानेच सांगितलं. मग भरा. पॅन शोधायलाही लांब जायला नको. माझ्या प्रोफाइलवर त्याचा फोटो आहे, तुम्हीच चढवायला लावलेला. त्यात बघून दहाच्या दहा अक्षरं नीट टाइप करा, आणि 16ए पाठवा. आणि खाली तारे मागू नका.