दिवे बदलले, खांब तेच राहिले

सोडियमचे पिवळे दिवे उतरवून पांढरे एलईडी चढवले की रस्ता उजळला, असं जाहीर होतं. 2015 मध्ये पथदिव्यांची राष्ट्रीय योजना आल्यापासून गावोगावी हेच चाललंय. वीज वाचली, यात वाद नाही. पण कितीतरी ठिकाणी खांब जुने, त्यांच्यातलं अंतर जुनं, आणि त्यावर वेगळ्याच स्वभावाचा दिवा. दुखणं इथे आहे.

सोडियमचा उजेड ऐसपैस सांडायचा. थोडा फुटपाथवर, थोडा कुणाच्या गॅलरीत. एलईडीची लेन्स तो ठरावीक पट्ट्यातच टाकते. दोन खांबांमधलं अंतर दिव्याच्या उंचीच्या तीन ते साडेतीन पट असावं, म्हणजे 9 मीटरच्या खांबाला 27 ते 31 मीटर. तेच 40 असेल तर मध्ये काळा पट्टा पडतो. दिव्याखाली अंधार ही म्हण इथे चुकते, अंधार दोन दिव्यांच्या मधोमध असतो. मग उपाय म्हणून दिव्याचं तोंड वर उचलतात. उजेड लांब जातो खरा, पण समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत. (हेल्मेटच्या ओरखडलेल्या काचेतून बघा एकदा.)

म्हणून नगरसेवकाला 'किती वॅटचा लावला?' विचारून काही कळत नाही. लक्स विचारा, म्हणजे रस्त्याच्या दर चौरस मीटरवर प्रत्यक्ष किती उजेड पडतो ते. आयएस 1944 या भारतीय मानकात सर्वांत वर्दळीच्या, वेगवान रस्त्याला सरासरी 30 लक्स आहेत, शहरातल्या इतर मुख्य रस्त्यांना 15. दोन्हींना अट एकच: सर्वांत अंधाऱ्या जागेचा आकडा सरासरीच्या 0.4 पटीहून कमी नको. सरासरी 25 आणि मध्ये 3 असेल तर गुणोत्तर 0.12, नापास. सरासरी 15 आणि मध्ये 6, पास. ताशी 50 ने जाणारी गाडी सेकंदाला 14 मीटर कापते, म्हणजे 40 मीटरवरच्या खांबांखाली दर तीन सेकंदांनी उजेड-अंधाराचा एक फेरा. डोळा तेवढ्यात सावरत नाही. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर तर विशीतल्याच्या साधारण तिसरा हिस्साच उजेड पोहोचतो.

मोजणं अवघड नाही. दोन खांबांच्या दरम्यान रस्त्याच्या दोन्ही कडा आणि मध्यरेषा, प्रत्येकीवर तीन, असे नऊ बिंदू. चार कोपऱ्यांची बेरीज भागिले 16, या चौकोनाच्या चार बाजूंच्या मध्यावरच्या बिंदूंची भागिले 8, मधोमधचा आकडा भागिले 4. तिन्हींची बेरीज म्हणजे सरासरी. मोबाइलच्या अ‍ॅपवर भिस्त ठेवू नका, लक्समीटरच घ्या.

एवढं करूनही पायी चालणारा सुटत नाही, कारण हे लक्स डांबरावरचे आहेत. माणूस उभा असतो. दिवा झेब्रा क्रॉसिंगच्या बरोबर डोक्यावर असला तर डोकं आणि खांदे उजळतात, चालकाकडची बाजू काळीच राहते. खांब गाडी येते त्या बाजूला, पट्ट्यांच्या किमान तीन मीटर अलीकडे हवा. दुहेरी वाहतुकीच्या रस्त्याला दोन्हीकडून एकेक. अमेरिकेच्या महामार्ग खात्याची शिफारस 1.5 मीटर उंचीवर, उभ्या पातळीत 20 लक्सची आहे. मीटर छातीशी उभा धरून, गाड्यांकडे तोंड करून मोजा. नव्याकोऱ्या चौकांतही हा आकडा बघायचं कुणाच्या मनात येत नाही.

झाडांचं म्हणाल, तर गुलमोहराच्या फांद्या छाटणं हा शेवटचा उपाय. आधी दिव्याचा हात लांब करता येतो, किंवा पर्णसंभाराखाली 4-5 मीटरवर फुटपाथसाठी वेगळा छोटा दिवा. रंगही 6500 केल्व्हिनचा निळसर नको. तो डोळ्यांना जास्त टोचतो. 3000 ते 4000 पुरे.

तक्रार देताना 'लाइट नाही' एवढंच लिहू नका. खांबाचा क्रमांक द्या आणि काय होतंय ते लिहा. सलग सगळे बंद असतील तर फीडर पिलर (खांबांना वीज पुरवणारी रस्त्याकडेची पेटी) किंवा केबल बघायला लागते. एकच लुकलुकत असेल तर बहुधा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला हवी तशी वीज पुरवणारा भाग, गेलाय किंवा जोड सैल आहे. दिवसा सगळे चालू असतील तर टायमर किंवा फोटोसेल (उजेड-अंधार ओळखून दिवे बंद-चालू करणारा) बिघडलाय. वायरमन त्याच तयारीने येतो.