चहा हिशेबात धरायचा की नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

दिवसभरात किती पाणी प्यावं या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. काल दिवसभर मुद्दामच उत्तर दिलं नाही, कारण रागाच्या भरात लिहायचं नव्हतं. राग अजून गेलेला नाही, पण आता निदान नीट लिहिता येईल.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी लिहिलं होतं की चहा, कॉफी, दूध, सूप, फळांचा रस हे सगळं दिवसाच्या पाण्यात धरावं. त्यावर तुम्ही लिहिलंत, “चहा जेवढं पाणी देतो त्याहून जास्त लघवीवाटे काढून नेतो, म्हणून चहाचा प्रत्येक कप वजा करायचा.” मग साखर, लोह, झोप, आम्लपित्त, चाचण्या फक्त पुरुषांवर झाल्या, माझं वाचून लोक पाणी सोडून चहाच पीत बसतील, असे बरेच मुद्दे. आणि शेवटी, “ताई, तुम्ही नर्स होतात, डॉक्टर नव्हे. आधी वाचत जा, मग लिहीत जा.”

आधी या शेवटच्या ओळीबद्दल. ताई म्हणून जवळीक दाखवायची आणि त्याच दमात समोरच्याला तिची पायरी दाखवायची, ही रीत माझ्या चांगली ओळखीची आहे. ३१ वर्षं वॉर्डात काढली, त्यात कितीतरी वेळा ऐकली. मी डॉक्टर असल्याचा दावा कधीच केलेला नाही. लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात मी निवृत्त परिचारिका आहे हे लिहिलेलं आहे. ते वाचलंत म्हणूनच तर ते तुम्हाला माझ्यावर उलटवता आलं. तुम्ही १२ वर्षं व्यायामाचे वर्ग घेता असं तुमच्याच प्रतिक्रियेत आहे. त्या कामाचा मला आदर आहे. पण १२ वर्षं घाम गाळून घेणाऱ्या माणसाने, ३१ वर्षं लघवी मोजलेल्या बाईला पाण्याच्या हिशेबाबद्दल ‘वाचत जा’ म्हणावं, हे मला पटलेलं नाही.

मोजलेल्या, हे मी शब्दशः म्हणतेय. पेशंटच्या खाटेपाशी इनटेक-आउटपुट चार्ट असतो. एका बाजूला शरीरात गेलेलं, दुसऱ्या बाजूला बाहेर आलेलं. सलाईन, तोंडाने घेतलेलं पाणी, चहा, दूध, सूप, सगळं मि.ली.मध्ये डाव्या बाजूला. लघवी, उलटी, ड्रेनमधला स्राव उजव्या बाजूला. चोवीस तासांनी दोन्हींची बेरीज करून फरक काढायचा, आणि त्या फरकावर डॉक्टर पुढची सलाईन आणि औषधं ठरवतात. १५० मि.ली. चहा म्हणजे डावीकडे १५०. चहाचा कप उजवीकडे लिहा किंवा वजा करा, असं मला एकाही डॉक्टरांनी कधी सांगितलं नाही. तुम्ही ज्यांचा मान राखायला सांगता ते हेच डॉक्टर.

तुमची एक दुरुस्ती मात्र बरोबर आहे, ती मान्य करते. दिवसाच्या पाण्याचा एक तृतीयांश भाग अन्नातून मिळतो असं मी लिहिलं होतं. साधारण एक पंचमांश हा आकडा बरोबर आहे. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या २००४ च्या अहवालात सुमारे २० टक्के अन्नातून आणि ८० टक्के पेयांतून असं दिलेलं आहे. लेखात बदल केला आहे. त्याच अहवालातलं बाकीचंही तुम्ही वाचलं असतंत तर बरं झालं असतं. प्रौढ पुरुषांसाठी ३.७ लिटर आणि स्त्रियांसाठी २.७ लिटर हे तिथले आकडे एकूण पाण्याचे आहेत, आणि त्या एकूणात कॅफीन असलेली, म्हणजे चहा-कॉफीसारखी, पेयंही धरलेली आहेत.

आता तुमचं ते वाक्य. चहा जेवढं देतो त्याहून जास्त काढतो.

चहा प्यायल्यावर लघवीला लागतं हे कुणीच नाकारत नाही. तेवढंच साधं पाणी प्यायलात तरी लागतं. माझ्या मते या समजुतीचं मूळ इथेच आहे. माणूस चहा पितो, थोड्या वेळाने उठून जातो, आणि चहाने पाणी काढलं असं धरून चालतो. किती आलं ते कुणी मोजत नाही.

कॅफीनमुळे लघवी वाढते, हेही खरं आहे. किडनीत ॲडिनोसिन हे शरीरातलंच एक रसायन ज्या जागी काम करतं त्या जागा कॅफीन अडवतं, त्यामुळे सोडियम परत शोषून घेणं थोडं कमी होतं आणि सोडियमच्या मागोमाग पाणी जातं. पण औषधशास्त्रात पहिला प्रश्न नेहमी डोस किती हा असतो. २००३ मध्ये मॉन आणि ग्रिफिन या संशोधकांनी तोवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यात लघवी तात्पुरती वाढते ती एकदम २५० ते ३०० मि.ग्रॅ. कॅफीन घेतल्यावर, आणि तीही मुख्यतः ज्यांनी काही दिवस किंवा आठवडे कॅफीन बंद ठेवलं होतं त्यांच्यात. एका कप चहात साधारण ३० ते ५० मि.ग्रॅ. असतं. म्हणजे निदान पाच-सहा कप एका बैठकीत हवेत, आणि त्यांच्याबरोबर पाऊण-एक लिटर पाणी पोटात गेलेलंच असतं. रोज पिणाऱ्याच्या शरीराला तर त्याची सवय होते. ही सवय १९२८ सालच्या अभ्यासातच दिसली होती. तो फक्त ३ जणांवर झाला होता. चहा-कॉफी पाणी काढते, याला पुरावा म्हणून पुढे कित्येक दशकं त्याच अभ्यासाचं नाव घेतलं गेलं, आणि त्यातला सवयीचा भाग मात्र मागेच राहिला.

थेट चहावरच झालेली चाचणी हवी असेल तर तीही आहे. २०११ मध्ये रक्स्टन आणि हार्ट यांनी २१ निरोगी पुरुषांना १२ तासांत कधी ४, कधी ६ मोठे कप काळा चहा दिला, एकेक कप २४० मि.ली.चा, आणि दुसऱ्या वेळी तेवढंच उकळलेलं पाणी दिलं. रक्त तपासलं, २४ तासांची लघवी तपासली. लक्षणीय फरक आढळला नाही. कॉफीत कॅफीन चहापेक्षा जास्त, तरी २०१४ मध्ये रोज कॉफी पिणाऱ्या ५० पुरुषांना तीन दिवस रोज २०० मि.ली.चे ४ कप देऊन पाहिलं, तेव्हाही पाण्याच्या तुलनेत फरक नाही. २०१६ च्या चाचणीत ७२ पुरुषांनी वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळी पेयं एकेक लिटर घेतली. चहा, कॉफी, कोला, साधं पाणी, सगळ्यांची लघवी सारखीच. दूध आणि ओआरएस शरीरात पाण्यापेक्षाही जास्त वेळ टिकले.

चाचण्या पुरुषांवर झाल्या हे तुम्ही बरोबर हेरलंत. पण म्हणून स्त्रियांच्या शरीरात चहा उलटा वाहतो, हे कशावरून? बाकीच्या मुद्द्यांचं काय करायचं मला खरंच कळत नाही. साखर वाईट, ठीक. जेवणाबरोबर चहा घेतला तर अन्नातलं लोह कमी शोषलं जातं, तेही ठीक, मी स्वतः पेशंटना हेच सांगत आले. रात्री झोप येत नसेल तर घेऊ नका. यातला कुठला मुद्दा पाण्याच्या हिशेबाचा आहे? आणि लोक पाणी सोडून चहाच पीत बसतील, असं मी कुठे लिहिलंय ते दाखवा. न लिहिलेल्या वाक्यांची जबाबदारी मी घेणार नाही.

तुम्ही विचाराल, एवढ्याशा गोष्टीवरून ही बाई इतकी का बोलते. सांगते.

डायलिसिसच्या पेशंटची लघवी खूप कमी झालेली असते, कधी पूर्ण थांबलेली. त्यांना दिवसाच्या पाण्याची मर्यादा असते आणि दर वेळी आल्यावर वजन होतं, कारण शरीरात साठलेलं एक लिटर पाणी म्हणजे काट्यावर एक किलो. पाय सुजलेले, वजन तीन-साडेतीन किलो वाढलेलं, आणि पेशंट काकुळतीला येऊन सांगतो, “सिस्टर, शपथ घेतो, पाणी प्यायलो नाही. चहाच घेतला फक्त.” हे मी किती वेळा ऐकलं असेल. चहाचा कप वजा धरायचा असता, तर ही माणसं वाळून आली असती.

आणि एक माणूस माझ्या घरातला होता. माझ्या वडिलांचं हृदय कमजोर झालं होतं, दिवसाला १२०० मि.ली.ची मर्यादा होती. ते शिस्तीचे होते. सकाळी बाटल्यांत मोजून पाणी भरायचे आणि त्यापलीकडे घोट घ्यायचे नाहीत. पण एका आरोग्यविषयक व्याख्यानात त्यांनी तुमचंच वाक्य ऐकलं, की चहा पाण्यात धरायचा नसतो, तो उलट पाणी काढतो. त्यांना वाटलं, हे तर आपल्या फायद्याचंच. दिवसाला पाच कप सुरू झाले. दीडशेचा कप, म्हणजे ७५० मि.ली. रोजचे वरचे. मी त्या आठवड्यात नाईट ड्यूटीवर होते, दिवसा झोपायचे, माझ्या लक्षात आलं नाही. पाचव्या दिवशी वजन तीन किलोंनी वाढलं होतं, नडगीवर बोट दाबलं की खड्डा राहायचा, आणि त्यांना आडवं होता येत नव्हतं. रात्रभर खुर्चीत बसून धापा टाकत होते. दवाखान्यात नेऊन लघवीची इंजेक्शनं सुरू केली तेव्हा दुसऱ्या दिवशी श्वास खाली बसला. ते व्याख्यान देणाऱ्याचं नाव मी लिहिणार नाही. त्यानेही कुठेतरी ऐकलंच असेल आणि तपासलं नसेल.

त्यामुळे तुमचं वाक्य माझ्यासाठी वाचनात आलेली नुसती चूक नाही. त्या वाक्याचं वजन मी काट्यावर पाहिलेलं आहे. निरोगी माणसाने ते खरं मानलं तर फार तर दोन ग्लास पाणी जास्त पिईल. ज्याच्या पाण्याला मर्यादा आहे त्याचं तसं नसतं.

तुमची प्रतिक्रिया मी काढून टाकलेली नाही आणि टाकणारही नाही. ‘ताई’ म्हणायची गरज नाही, काहीच म्हटलं नाहीत तरी चालेल. एक काम मात्र करा. तुमच्या वर्गांना साठीपुढची माणसं येतात असं तुम्ही लिहिलंय. उद्याच्या वर्गात त्यांना विचारा, डॉक्टरांनी पाण्याची मर्यादा कुणाकुणाला घालून दिली आहे, आणि चहा ते त्यात धरतात का. काय उत्तर मिळालं ते इथेच लिहा. मी वाट बघते.