मेंटेनन्स कमी आहे, हे कौतुकाने सांगणं थांबवूया

डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत गेल्या महिन्यात प्रत्येक घराला इमारतीच्या दुरुस्तीसाठी एक लाख रुपये मागणारं पत्र गेलं. चार हप्त्यांत भरायचे. खजिनदार म्हणून त्या पत्रावर माझी सही आहे आणि तेव्हापासून जिन्यात कुणी भेटलं की पहिला प्रश्न तोच: एवढे पैसे एकदम कसे काय लागले?

एकदम लागलेले नाहीत. सत्तावीस वर्षं लागत होते, आपण भरत नव्हतो.

आमची इमारत तळमजला अधिक तीन, २४ फ्लॅट, सगळे सारख्याच मापाचे. नोंदणी १९९७ ची. लिफ्ट नाही. महिन्याचा मेंटेनन्स १,८००, आणि हे आम्ही वर्षानुवर्षं कौतुकाने सांगत आलो. घर विकताना तर हमखास. 'मेंटेनन्स अगदी कमी आहे हो' ऐकलं की घेणारा खूश. त्या कमीमध्ये नेमकं काय कमी आहे, हे त्याने विचारलं नाही आणि आपणही सांगितलं नाही.

सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे नमुना नियमांमध्ये, दोन निधी सांगितले आहेत. सिंकिंग फंडासाठी, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायच्या निधीसाठी, फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती-देखभाल निधीसाठी किमान ०.७५ टक्के. जमिनीची किंमत त्यात धरायची नाही. आता आमचा हिशोब बघा. इमारत बांधली तेव्हाचा बांधकाम खर्च फ्लॅटमागे दोन लाख. त्याचे पाव टक्के म्हणजे वर्षाला ५००, महिन्याला जेमतेम ४२ रुपये. दुरुस्ती निधी वर्षाला १,५००, महिन्याला १२५. हे आकडे तेव्हा ठरले आणि आजही बिलात तेच आहेत. सिमेंट, मजुरी, पाइप, रंग, सगळं कितीतरी पटींनी वाढलं, पण टक्केवारी मूळ खर्चावर असल्यामुळे आमची वर्गणी जागची हलली नाही. उपविधीत 'किमान' लिहिलं आहे, दर किती ठेवायचा ते सर्वसाधारण सभेने ठरवायचं आहे. आम्ही त्या किमानालाच कमाल समजून बसलो. हा शब्द मीसुद्धा खजिनदार झाल्यावरच नीट वाचला.

नऊ वर्षांपूर्वीची सभा मला लख्ख आठवते. तिसऱ्या मजल्यावर छताला ओल धरली होती. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा अंदाज आला १ लाख ८० हजार, म्हणजे घरटी साडेसात हजार. चर्चा तासभर चालली आणि ठरलं की यंदा ताडपत्री टाकू, पुढच्या वर्षी बघू. त्या ठरावाला माझाही हात वर होता. मुलाचं दहावीचं वर्ष होतं, क्लासची फी भरायची होती, साडेसात हजार जड वाटले.

पुढचं वर्ष आलंच नाही. पाणी मात्र दर पावसाळ्यात झिरपत राहिलं. ते काँक्रीटमधून सळईपर्यंत पोचलं की सळई गंजते आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. आतून दाब येतो, काँक्रीटला तडा जातो, त्या तड्यातून आणखी पाणी शिरतं. मागच्या बाजूच्या ड्रेनेज पाइपाशी पिंपळ उगवला होता. तो दर दिवाळीला वरवर छाटला, मुळं भिंतीत तशीच राहिली. मग एका दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात परातीएवढा प्लास्टरचा तुकडा ओट्यावर पडला. पाच मिनिटांपूर्वी तिथे उभं राहून कुणीतरी कणीक मळत होतं.

पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तज्ज्ञांकडून तपासणी, दर पाच वर्षांनी, आणि त्यापुढे दर तीन वर्षांनी करायचं असतं. आमचं पहिलं ऑडिट झालं ते प्लास्टर पडल्यावर. गच्ची, वरचा स्लॅब, चार कॉलम, बाहेरचं प्लास्टर आणि पाइप मिळून अंदाज ३१ लाख. सिंकिंग फंडात व्याजासकट सात लाख आहेत. दुरुस्ती निधी पंप आणि टाकीच्या दुरुस्त्यांमध्ये दरवर्षी संपत होता. राहिले २४ लाख, घरं २४.

मला सगळ्यात जास्त लागलं ते तिसऱ्या मजल्यावरच्या तरुण जोडप्याचं. दोन वर्षांपूर्वी कर्ज काढून त्यांनी घर घेतलं, दर महिन्याला हप्ता जातो, घरात लहान बाळ आहे. त्यांनाही लाखच भरायचे आहेत. ज्यांनी आधीची पंचवीस वर्षं ते घर वापरलं, ते चांगल्या भावाने विकून गेले. म्हणून 'मी तर पाच वर्षांत विकणार आहे, मी कशाला भरू' असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही. त्या पाच वर्षांत जिना, गच्ची, पाइप वापरणार तुम्ही. झीज तुमच्या राहण्याने होणार आहे, मग तिचे पैसे पुढच्याने का द्यायचे?

माझं आजोळ गुहागरकडचं, नळ्यांचं घर. मे महिन्यात आम्ही पोचायचो तेव्हा शाकारणी चालू असायची. दोन गडी छपरावर, खाली आम्ही पोरं रांगेत, फुटके नळे एकीकडे आणि चांगले एकीकडे. आजोबा प्रत्येक वासा ठोकून बघायचे, वाळवी लागली असेल तर आवाज पोकळ येतो. आजीकडे एक पितळी डबा होता. काजूच्या बियांचे पहिले पैसे त्या डब्यात जायचे आणि ते छपराचे होते. घरात लग्न निघालं, कुणी आजारी पडलं, तरी आधी दुसरीकडून सोय बघायची. त्यांच्याकडे पैसा आमच्यापेक्षा कितीतरी कमी होता. तरी छप्पर कधी गळालं नाही, कारण ते दरवर्षी गळण्याआधी परतलं जायचं. ते घर सोडून आपण पक्क्या घरात आलो. त्या 'पक्क्या' शब्दाने आपली फसगत केली असं मला वाटतं. सिमेंटच्या घराला दरवर्षी काही करावं लागत नाही, असं आपण धरून चाललो.

यंदाच्या सभेत मी ठराव मांडते आहे. दुरुस्ती निधी १२५ वरून ६००, सिंकिंग फंड ४२ वरून २००, दोन्हींत दरवर्षी पाच टक्के वाढ. मेंटेनन्स २,४०० च्या थोडा वर जाईल. गेली दहा वर्षं घरामागे महिन्याला ५०० जास्त घेतले असते, तर व्याज न धरताही ६० हजार जमले असते आणि आजचं पत्र ४० हजारांचं असतं. दोन्ही निधी वेगळ्या ठेवीत, त्यातून वॉचमनचा पगार नाही की गणपतीची रोषणाई नाही. वाढीव बिलाचा त्रास कुणाला होणार आहे ते मला घरागणिक माहीत आहे, त्यांच्यासाठी थकबाकीवर सहा महिने व्याज न लावण्याची सूचनाही ठरावात आहे.

घराच्या आतल्या कामांसाठीही मी बँकेत महिन्याला १,००० रुपयांचं आवर्ती खातं उघडलं आहे. न्हाणीघरातल्या लाद्यांच्या फटी, जुनी वायरिंग, खिडकीचे गज. आजीच्या डब्यासारखं, दुसऱ्या कशालाही त्याला हात लावायचा नाही.

तुमच्या मेंटेनन्सच्या बिलात दुरुस्ती निधीसमोर कोणता आकडा आहे, तो आज बघा. सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायची असते, विषयपत्रिका निघण्याआधी कमिटीला लेखी द्या.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा पहिला हप्ता काल आला. पेन्शनवर एकट्या राहतात. पावती द्यायला गेले तर म्हणाल्या, "अगं, पंचवीस हजार एकदम काढताना हात थरथरला. महिन्याला मागितले असतेस तर कधीच दिले असते."