"सिस्टीममध्ये दिसत नाही", मग विचारायचं कुणाला?

आज पुन्हा तेच. आईच्या किडनीच्या तपासणीचा रिपोर्ट "सिस्टीममध्ये दिसत नाही." नाशिकमधल्या एका सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर हे वाक्य या वर्षात चौथ्यांदा ऐकलं. लॅबवाले म्हणतात, आम्ही चढवला. ओपीडीत म्हणतात, आमच्याकडे आलाच नाही. मग पुन्हा रक्त द्या, पुन्हा रांग.

आभा कार्ड, म्हणजे सरकारचं डिजिटल आरोग्य ओळखपत्र, आहे हो आमच्याकडे! २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं, त्यानंतर मीच आईचा १४ आकडी नंबर काढून दिला. पण त्या नंबराला रिपोर्ट जोडायचा कुणी?

खरी चीड वेगळीच आहे. जुन्या रजिस्टरात निदान सही असायची, अक्षरावरून माणूस कळायचा. संगणकात तर नोंद कोणी केली, किती वाजता बदलली, सगळं राहू शकतं. पण इथे अख्खा विभाग एकाच लॉगिनवर चालतो, पासवर्डची चिठ्ठी मॉनिटरला चिकटवलेली! मग नाव कुणाचं उमटणार? सिस्टरांवर माझा राग नाही, त्या बिचाऱ्या एकट्या दोन वॉर्ड सांभाळतात. प्रत्येकाला वेगळं लॉगिन देणं ज्या साहेबांच्या हातात आहे, ते खिडकीवर कधी दिसत नाहीत.

रांगेत माझ्यापुढे सुरगाण्याहून पहाटेच्या एसटीने आलेल्या मावशी होत्या. त्यांनाही तेच, "उद्या या." त्यांचा आजचा बुडालेला रोज कोण भरून देणार?